नेरकरांसाठी समुद्राचा मोसम

कोकण-गोव्याला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, असं पर्यटनाची सगळी माहितीपत्रकं एका सुरात सांगतात. हवा कोरडी, ऊन कोवळं, समुद्र शांत, सगळं खरं. फक्त नेमका तेव्हाच नेर तालुक्यात कापूस फुटलेला असतो, वेचणीला मजूर मिळत नाही, आणि पाठोपाठ तूर सोंगणीला येते. म्हणजे हा मोसम समुद्राच्या सोयीचा, किंवा ज्याचा पगार पहिल्या तारखेला होतो त्याच्या. शेतकऱ्याला मोकळा सापडतो तो मे, आणि पत्रकात तोच निषिद्ध: ‘उकाडा असह्य’. हे सांगता कोणाला? यवतमाळ जिल्ह्यात पारा 44 अंशांना टेकतो तेव्हा मालवणात तो 33-34 च्या आसपास घुटमळतो; विदर्भातून गेलेल्याला ते थंड हवेचं ठिकाणच. दमटपणाचं काय, असं कुणी विचारेल. अंग चिकचिकतं, कबूल. पण त्याच महिन्यात हापूस असतो आणि पोरांना सुट्टी. मग पावसाळ्यात जा, खोल्या स्वस्त असतात, हा दुसरा सल्ला. तेव्हा इकडे पेरणी. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. स्वस्त खोलीत बसून खायचं ते वरण-भात, आणि तो नेरातही मिळतो.