पाच तालुक्यांची येझदी

हिंगोली ते वसमत हे अंतर एसटी दीड-दोन तासांत उरकते. वाटेत औंढ्याला चहा घेतला तर थोडं जास्त. माझी येझदी रोडकिंग सकाळी उजाडता उजाडता निघाली आणि वसमतच्या मोंढ्यात दिवेलागणीला पोचली. यात गाडीचा काडीचाही दोष नाही. गाडी झकास चालली. वेळ खाल्ला तो माझ्या काटकसरीनं.

गाडी मूळची मामांची. कळमनुरी तालुक्यातल्या त्यांच्या गोठ्यात ती उभी होती. उभी म्हणजे भिंतीला टेकलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यानं 1961 पासून जावा काढल्या, 1973 पासून येझदी नावानं गाड्या विकल्या आणि 1996 मध्ये कारखान्याला टाळं लागलं. त्यानंतरही मामांनी काही वर्षं गाडी रेटली. मग सुटे भाग मिळेनात, मामांचा गुडघा किक मारीना, आणि एका पावसाळ्यात गाडी गोठ्यात गेली ती गेलीच. कडबा, फवारणीचा पंप, मोडकी तिफण अशी तिची गणना होऊ लागली.

“मामा, गाडी नेऊ का?” मी विचारलं.

“ने की. पण आत्ता नको. सीटवर कोंबडी खुडूक बसलीय.”

खरंच बसली होती. रेक्झिन फाटून आतला काथ्या वर आला होता आणि त्यात ती अंडी घालून, मान आखडून, माझ्याकडं वारसाहक्काच्या दाव्यातल्या प्रतिवादीसारखी बघत होती. पिल्लं निघाली, तेव्हा कुठं मला ताबा मिळाला.

घरातून बजेट मंजूर झालं पंधरा हजार. तेही इन्व्हर्टर पुढच्या उन्हाळ्यावर ढकलून. हिंगोलीतल्या ज्या चाचांकडं गाडी टेम्पोनं नेली, त्यांनी आयुष्याची पहिली वीस वर्षं फक्त जावा-येझदी खोलल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीचं झाकण उघडून वास घेतला, किक दाबून बघितली. किक जागची हलली नाही. मग पाटीवर हिशोब मांडावा तसं बोटांवर मोजायला लागले: बोअर करावा लागेल, पिस्टन, रिंगा, क्रँकचं बेअरिंग, क्लच प्लेटा, कार्बोरेटर, कॉइल, वायरिंग, दोन्ही टायर, दोन्ही सायलेन्सर.

“बाकी गाडी ठीक है,” असा त्यांनी समारोप केला. आकडा गेला चाळीस हजारांवर.

स्वस्तात भाग मिळतील म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात ओळखीच्या पोराला बुधवारी पाठवलं, मग रविवारी पाठवलं. भाव ऐकून त्यानं फोटोही पाठवले नाहीत. त्याचं कारण सरळ आहे. 2022 मध्ये येझदी नावानं नव्याकोऱ्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या आणि ज्याच्या त्याच्या अडगळीला सोन्याचा भाव चढला. कालपर्यंत भंगारवाला किलोवर नेत होता तो दिवा आज “ओरिजनल आहे साहेब” म्हणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायला लागला.

चाचांनीच मार्ग सांगितला. “बाजार मत जाओ. घरां में जाओ. इस जिले में हर चौथे घर की माळवद पे येझदी का कुछ ना कुछ पडा है.”

मी घराघरांत गेलो. हिंगोलीतल्या एका निवृत्त गुरुजींकडं कार्बोरेटर निघाला, देवघराखालच्या कपाटात, फडक्यात गुंडाळलेला. औंढ्याला देवळाजवळ प्रसादाचं दुकान चालवणाऱ्या काकांकडं हेडलाइट निघाला, काचेसकट. वसमतच्या एका हळदीच्या आडत्यांकडं क्लच प्लेटांचा न उघडलेला पुडा होता, म्हैसूरचा. सायलेन्सर विकत घ्यायची तर सोयच नव्हती. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी सायलेन्सरात साचते आणि गाडीचा श्वास कोंडतो. त्यावर जुना इलाज म्हणजे सायलेन्सर विस्तवात भाजून काढणं. औंढा रोडवरच्या एका वीटभट्टीवाल्यानं माझे दोन्ही सायलेन्सर विटांच्या थरात लावले आणि विटांबरोबरच पक्के करून दिले.

आणि यांपैकी एकानंही पैसा घेतला नाही. खिशात हात घातला की सगळ्यांचं एकच वाक्य: “पैसे काय घ्यायचे तुमच्याकडून? गाडी चालू झाली की दाखवायला आणा, बस्स.”

व्याज लागणार नाही असं समजून मी ते कर्ज घेत सुटलो.

आता चाचांचं काम. बोअर करायला सिलिंडर नांदेडला लेथवर गेला. टाकीत बारीक खडी आणि डिझेल घालून ती मी आणि माझ्या पोरानं पाळण्यासारखी हलवली. आतून जो गाळ निघाला त्यात मामांच्या शेतातली माती ओळखू येत होती. क्रोमचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून रिमांना चंदेरी रंग मारला. लांबून चमकतात. जवळ येणाऱ्याला मी इंजिन दाखवतो.

सगळ्यात बघण्यासारखं होतं ते पॉइंट जुळवणं. चाचांनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फाडला, पॉइंटच्या फटीत धरला आणि दुसऱ्या हातानं मॅग्नेट केसभर केसभर फिरवायला सुरुवात केली. कागद घट्ट होता. फिरवलं. अजून घट्ट. फिरवलं. एका जागी कागद आपसूक सैल पडून त्यांच्या बोटांत आला. “इधर करंट,” ते म्हणाले आणि स्क्रू आवळला. गेज त्यांच्या खोक्यात होता, पण तो गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरता. चाचा स्वतः सिगारेट ओढत नाहीत. हे पाकीट ते केवळ जावा-येझदीसाठी बाळगून आहेत.

कागदपत्रांचं प्रकरण वेगळंच. आमची हिंगोली एमएच 38; 1 मे 1999 ला परभणीपासून वेगळी झाली. गाडी त्या आधीची, म्हणजे जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, फिटनेस बघतात, पर्यावरण कर भरावा लागतो. कुणीतरी म्हणालं, “व्हिंटेजमध्ये नोंदवा ना, मान असतो.” चौकशी केली. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडीचं वय पन्नास वर्षांहून जास्त हवं, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, आणि एवढं करून ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. आमची गाडी चाळिशीतली. सरकारदरबारी ती प्राचीनही नाही आणि अर्वाचीनही नाही. नुसतीच जुनी आहे. पंधरा हजारांच्या बजेटवाल्यानं याबद्दल देवाचे आभार मानावेत.

तर अशी ती गाडी घेऊन मी वसमतला निघालो. आडत्यांच्या मुलाचा साखरपुडा होता आणि क्लच प्लेटा देतानाच त्यांनी बजावलं होतं, “गाडीवरच यायचं. एसटीनं आलात तर जेवायला वाढणार नाही.”

येझदी सुरू करण्याचा एक विधी आहे. हिच्यात किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक. मारून झाली की खाली घ्यायचा, की गिअर. नवख्याला वाटतं गाडीचा गिअरच तुटून हातात आला. ऑइल मिसळलेलं पेट्रोल सोडलं, कार्बोरेटरचं टिकलर दाबून थोडं सांडू दिलं, आणि किक मारली. तिनं उलटी किक देऊन माझी पोटरी तपासली, मग गल्लीभर निळा धूर सोडून डगडगायला लागली. समोरच्या घरातल्या बाई फवारणीवाले आले समजून दारं-खिडक्या लावायला धावल्या.

पहिला मुक्काम गुरुजींकडं, म्हणजे घरापासून दोन गल्ल्या. गुरुजी बनियनवर बाहेर आले. डोळे मिटून ऐकलं. “हवा जास्त घ्यायलीय,” म्हणाले, आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला आत गेले. चाचांनी लावलेलं ट्युनिंग त्यांनी पाव फेरा फिरवलं. मग चहा. मग त्यांची 1979 सालची नोकरी, सायकल, जावा, आणि त्या जावेवर सौभाग्यवतींना नरसीला नेलं तो प्रसंग. नरसी म्हणजे संत नामदेवांचं जन्मगाव, इथून हाकेच्या अंतरावर. “नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले,” गुरुजी म्हणाले. “चालत.” हा टोमणा गाडीला होता की मला, हे मी विचारलं नाही. ऊन वर आलं होतं आणि मी अजून हिंगोलीतच होतो.

वीटभट्टीवर थांबणं भाग होतं. तिथं सायलेन्सरचा आवाज ऐकायला सगळे मजूर काम सोडून जमले. भट्टीवाल्यानं एका सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, मग दुसऱ्याच्या. “डावा जरा कच्चा राहिलाय,” तो म्हणाला. “पुढच्या भट्टीला आणा.” विटांच्या भाषेत झालेली ही माझ्या गाडीची एकमेव समीक्षा.

औंढ्याला प्रसादवाल्या काकांनी हेडलाइट भर दुपारी लावून बघितला. मग हेडलाइटला हार, गाडीला नारळ, मला दर्शन. औंढा नागनाथाच्या देवळात नंदी समोर नसून पाठीमागं आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागं पिटाळलं तेव्हा देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलं, अशी कथा सांगतात. मी बाहेर आलो तर काकांच्या दोन नातवांनी गाडी ढकलत दुकानाच्या मागच्या बोळात नेलेली. “इकडं सावली हाय,” ते म्हणाले. बोळ एवढा चिंचोळा की गाडी फिरवता येईना, आणि येझदीला रिव्हर्स गिअर नसतो. देऊळ फिरवणाऱ्या गावात शेवटी चौघांनी उचलून मोटारसायकल फिरवली.

औंढ्यापासून जवळच दुधाळा. तिथं लायगो-इंडिया होतेय. अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशकाळात जी लहर उठते, ती पकडायची वेधशाळा. इंग्रजी एल अक्षरासारखे दोन बाहू, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांतून लेझर जाणार. 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. अशा यंत्राला प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकी हालचालही कळते. जागा निवडताना बघितलं ते हेच, की जमीन कमीत कमी थरथरावी. त्या परिसरात मी टपरीवर थांबलो. गाडी स्टँडवर लावून चालूच ठेवली होती, कारण बंद केली तर पुन्हा पोटरी. टपरीवरच्या काचेच्या बरण्या किणकिणायला लागल्या. गोळ्यांची एक बरणी फळीच्या कडेपर्यंत सरकत आली.

टपरीवाला म्हणाला, “साहेब, ते मशीन चालू व्हायच्या आत काय फिरायचं ते फिरून घ्या. नंतर अमेरिकेला वाटंल, तारा फुटला.”

पुढं वसमत तालुका. इकडं पांगरा शिंदेच्या परिसरात गेली काही वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात आणि 10 जुलै 2024 च्या सकाळी 4.5 रिश्टरचा धक्का बसला, तो शेजारच्या जिल्ह्यांनाही जाणवला. त्यामुळं या भागातली माणसं गुरगुर ऐकली की आधी घराबाहेर येतात आणि कारण नंतर विचारतात. एका वस्तीजवळ चढावर मी गाडी दुसऱ्या गिअरला टाकली. एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन लगबगीनं अंगणात आली. तिनं जमिनीकडं बघितलं, घराच्या भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“तूच हायस व्हय!” ती म्हणाली आणि पोराला घेऊन आत गेली.

वसमतला पोचलो तेव्हा साखरपुडा उरकला होता. पण माझं पान राखून ठेवलेलं होतं, कारण मी गाडीवर आलो होतो. आडते हळदीचे, 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांच्या बोलण्यातही एक मानांकन आलेलं. त्यांनी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. “माझ्या प्लेटा आहेत,” असं व्याह्यांना सांगितलं. नवरदेवानं शेरवानीत बसून फोटो काढले. त्याच्या शेरवानीला टू-टी ऑइलचा वास लागला, तो जन्माचा.

पाहुण्यांतले सेनगावचे एक गृहस्थ मात्र हँडलपाशी वाकून बराच वेळ उभे होते. स्पीडोमीटरच्या जागी मोकळं भोक होतं.

“हे कामून नाही?”

“बजेट,” मी म्हणालो.

“माझ्याकडं पडलंय की एक. काटा हलतो. घेऊन जा.” मी खिशाकडं हात नेला. त्यांनी हात धरला. “छ्या! पैसे कशाला? बसवलं की एकदा दाखवायला आणा.”

रात्री घरी फोन करून ही गोष्ट सांगितली. बायको हिशोबाला पक्की आहे. “अहो, ऑनलाइन बाराशेला मिळतं. मागवा आणि सुटा. त्या मीटरसाठी कुणाच्या ओट्यावर बसावं लागणार नाही.” बोलणं बिनतोड होतं. गाडीत पैसे मोजून घेतलेले टायर आहेत, वायरिंग आहे, बेअरिंग आहे; त्यांनी कधी मला वाटेत अडवलेलं नाही.

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग विचारलं, “सेनगाव म्हणालात ना? म्हणजे कळमनुरी, हिंगोली, औंढा, वसमत… आणि सेनगाव.”

“हो. जिल्ह्यात तालुके पाचच आहेत.”

“मग आता एवढ्यासाठी जिल्हा अपुरा ठेवता का?” ती म्हणाली. “घेऊन टाका. पण जाल तेव्हा मी एसटीनं पुढं जाते आणि तिथं भेटते. मला त्याच दिवशी पोचायचंय.”