रंग कधी भरणार?

पेन्सिलीने काढलेलं चित्र पाहुण्याच्या हातात दिलं, की तो ते घेऊन खिडकीपाशी जातो, मान तिरकी करतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, “छान आलंय हं. रंग कधी भरणार?”

यात पाहुण्याचा दोष नाही. आपल्याकडे पेन्सिल जन्माला येते तीच रंगाखाली गाडली जाण्यासाठी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना आठवत असेल. स्मरणचित्रात आधी बसथांबा नाहीतर आठवड्याचा बाजार पुसट पेन्सिलीने आखायचा आणि घंटा व्हायच्या आत जलरंगाच्या पुरात बुडवायचा. इतक्या पिढ्यांवर हे संस्कार झाल्यावर नुसतं करडं चित्र माणसाला गिलावा न करता सोडलेल्या भिंतीसारखं दिसणारच. मालकाचे पैसे संपले असावेत, असा एक सहानुभूतीचा भावही पाहुण्याच्या चेहऱ्यावर येतो.

ज्याला जरा जास्त कौतुक करायचं असतं तो म्हणतो, “अगदी फोटोच वाटतोय!” ही आपल्याकडची सर्वोच्च पदवी. हिच्या पलीकडे बोलण्यासारखं काही उरतच नाही. फोटोच हवा होता तर फोन खिशात होता की, हे मी मनात म्हणते. तिसरी प्रतिक्रिया घरातलीच. नवऱ्याला खुर्चीत बसवून, “हलू नकोस” असं बजावून मी त्याचं व्यक्तिचित्र काढलं. त्याने ते हात लांब करून पाहिलं आणि फार आपुलकीने विचारलं, “कोण गं हे?”

मी हायस्कुलात गणित शिकवलं, त्यामुळे शेरा कशाला म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. ‘अक्षर सुधारा’ हा शेरा महाराष्ट्रातल्या लाखो वह्यांवर लाल शाईत असेल, पण त्याने एकही अक्षर सुधारल्याचं मला माहीत नाही. ‘दुसऱ्या पायरीत चिन्ह बदललं’ हा खरा शेरा, कारण तो वाचून पोराला खोडरबर नेमकं कुठे फिरवायचं ते कळतं. चित्रातही ‘छान’ हा शेरा नव्हे आणि ‘जमलं नाही’ हाही नव्हे. नाक कुठे चुकलं, किती चुकलं आणि कुणीकडे सरकवायचं, हे सांगेल तो टीकाकार. बाकीचे पाहुणे.

असा टीकाकार मिळायला कोल्हापुरात खरं तर अडचण नको. हे अबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचं गाव. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे. सिनेमात पराक्रम गाजवणाऱ्या या नटाने ब्रश आणि कोरड्या पावडरीतूनही काय काढलं, ते तिथे भिंतीवर दिसतं. शिवाय इथला माणूस फुटबॉलच्या पंचापासून मिसळीच्या कटापर्यंत कशावरही तोंडावर मत देतो, मागितलं नाही तरी देतो. पण चित्र समोर आलं की हाच माणूस एकदम सोज्वळ होतो. “नाद खुळा, वहिनी!” म्हणतो आणि चहाकडे वळतो.

शेवटी रंकाळ्याच्या बाजूला, एका गॅरेजच्या माडीवर, मला चित्रकलेचे सर सापडले. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण भीड त्यांच्या अंगाला कधी शिवलेली नाही. त्यांनी समोर पितळी तांब्या ठेवला, मी तो काढला. त्यांनी कागदाकडे पाहिलं.

“मॅडम, ह्यात पाणी ओता बघू.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

“ओतलं तर डाव्या अंगानं सांडंल. तोंड बघा की जरा.”

भूमिती शिकवणाऱ्या बाईचा तांब्या गळतो, ही बातमी त्या माडीवरून खाली गॅरेजपर्यंत गेली.

घात होतो तो माहितीमुळे. तांब्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं आणि हात डोळ्याचं न ऐकता माहितीचं ऐकतो. समोरून पाहताना ते लंबवर्तुळ दिसतं आणि लंबवर्तुळाला कोपरे नसतात. आपण मात्र दोन्ही टोकांना चिमटा काढतोच. हे लंबवर्तुळ डोळ्यांच्या पातळीला जितकं जवळ, तितकं चपटं. खाली जावं तसं फुगत जातं. म्हणजे त्याच तांब्याचं बूड तोंडापेक्षा जास्त वळणदार निघायला हवं. आपण ते पट्टीने आखल्यासारखं सरळ काढतो, कारण तांब्या ओट्यावर सपाट बसतो ही आणखी एक माहिती.

चेहऱ्याचंही तेच. टाळूपासून हनुवटीपर्यंत माप घेतलं तर डोळे बरोबर निम्म्यावर येतात. आपण ते बरेच वर नेऊन बसवतो, कारण कपाळात बघण्यासारखं काही नसतं आणि जे बघण्यासारखं नाही त्याला आपण जागा देत नाही. नवऱ्याचं ते चित्र मी सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “साहेबांची कवटी कुठं गेली?” कोण गं हे, या प्रश्नाचा खुलासा झाला. माझ्या चित्रातल्या माणसाला मेंदू ठेवायला जागाच नव्हती. या विषयावर घरात वाद होऊ शकला असता, पण चित्र दुरुस्त करायचं ठरलं.

दुरुस्ती मापाने होते. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत समोरची वस्तू मोजायची. सिनेमातले चित्रकार हे नायिकेसमोर करतात, म्हणून मला तो अभिनयच वाटायचा. ते निव्वळ मोजमाप आहे. मात्र कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप फसतं, त्यामुळे नायिका कितीही सुंदर असली तरी कोपर ताठच हवं.

रेषा जागेवर आल्या की छायेचा प्रश्न येतो, आणि छाया म्हटली की दुकान. मी पत्र्याच्या डबीतला आख्खा संच घेतला. एका टोकाला टोचतील अशा एचच्या पेन्सिली, दुसऱ्या टोकाला कोळशाच्या नात्यातल्या बी. हा सगळा पसारा युद्धामुळे झाला. उत्तम ग्राफाइट इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीत, आणि फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध चाललेलं. माल मिळेना, म्हणून निकोला-जाक कोन्ते या फ्रेंच माणसाने ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मळून कांड्या भट्टीत भाजल्या आणि १७९५ साली त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. त्याने तुटवड्यावर काढलेला तोडगा आज दुकानदार मला चोवीसच्या संचात विकतो आणि मी त्यातली एचबी वापरते.

सरांनी डबी उघडून पाहिली. सिक्स-बीचं टोक कारखान्यातून आलं तसंच होतं. “ही काय देव्हाऱ्यात ठेवायला आणलीसा?”

नवशिक्याची चित्रं फिकी का असतात, यावर माझं मत पक्कं झालं आहे. हात बसलेला नसतो हे खरं, पण त्याहून मोठं कारण भीती. काळं केलं आणि बिघडलं तर? म्हणून आपण सगळीकडे सारखा, मध्यमवर्गीय करडा रंग फासतो. तांब्याही करडा, भिंतही करडी, सावलीही करडी. “काळं करा,” सर म्हणाले, “सरकारी कागद हाय काय घाबरायला?” त्यांनी डोळे किलकिले करून बघायला लावलं. तसं केलं की तपशील विरघळतात आणि नुसता उजेड-अंधार उरतो. मग दिसतं की पितळेवर झळाळणारा ठिपका सोडला तर पांढरं असं जवळजवळ काही नाहीच. तांब्याच्या अंधाऱ्या बाजूला ओट्यावरून परतलेला उजेड येतो. तो आपल्याला इतका आवडतो की आपण तो ट्यूबलाइटसारखा लखलखवतो. पण तोही अंधारातच राहतो. उजळ बाजूच्या कुठल्याही जागेपेक्षा तो गडदच हवा.

काळं करायचं म्हणजे दाबायचं, असं मात्र नाही. मऊ पेन्सिल जोरात दाबली की ग्राफाइट चकाकतं आणि एका बाजूने पाहिलं तर आपली सगळ्यात काळी जागा चंदेरी दिसते. कागदाचे दातही, म्हणजे त्याचा खरखरीतपणा, चेपतात, मग पुढचा थर धरत नाही. त्यासाठी हलक्या हाताने थरावर थर. ब्लेडने लाकूड तासून शिसं चांगलं लांब बाहेर काढायचं, पॉलिश-पेपरवर टोक घासायचं, पेन्सिल आडवी धरून खांद्यातून फिरवायची. तळहाताखाली कोरा कागद, नाहीतर चित्रातली सावली मनगटावर येते आणि तिथून परकरावर. बोटाने घासायला तर सक्त मनाई. बोटाचं तेल कागदात उतरतं आणि तिथे ढगाळ डाग पडतो, तो नंतर खोडरबरालाही जुमानत नाही. कागदाची गुंडाळी करून केलेला स्टंप त्यासाठीच असतो, आणि तोही थोडाच. माझं बोट तरी दर रविवारी सरांच्या वर्गात कागदाकडे जायचंच. “बोट पदरात बांधा,” ही सरांची सूचना. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, पण मुद्दा पोचला.

खोडरबराचा उपयोग चूक पुसायला कमी आणि उजेड काढायला जास्त, हेही तिथेच कळलं. कणकेसारखं मळता येणारं रबर असतं. त्याचं टोक करून गडद छटेवर नुसतं टेकवलं की तेवढी झळाळी वर येते. १७७० च्या सुमाराला लंडनमध्ये रबराचे ठोकळे विकायला आले. त्याआधी युरोपातले चित्रकार पावाच्या गराने खोडत. कोल्हापुरात ही पद्धत रुजली नसती. इथे मिसळ संपेपर्यंत पाव उरतच नाही.

इतकं शिकून मी घरी पुन्हा तांब्या काढला, यावेळी न गळणारा, आणि ओट्यावर टेकवून ठेवला. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी हात पुसता पुसता पाहिलं.

“बाई, ह्यो तांब्या टेकलाच न्हाई.”

“म्हणजे?”

“वर तरंगाय लागलाय. बुडाशी अंधार असतोय की. तितंच मुंग्या बसत्यात.”

मी पाहिलं. तांब्याची सावली मी ओट्यावर लांबवर नेली होती, पण बूड जिथे ओट्याला टेकतं तिथली सगळ्यात काळी, बारीक रेघच नव्हती. ती ओढली आणि तांब्या खाली उतरला.

प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने अपेलिस या ग्रीक चित्रकाराची गोष्ट सांगितली आहे. हा आपलं चित्र रस्त्यावर मांडून मागे लपून बसायचा आणि लोक काय म्हणतात ते ऐकायचा. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेची चूक काढली, अपेलिसने ती दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी चांभार फुशारून पायावरही बोलू लागला, तेव्हा अपेलिस बाहेर आला आणि त्याने त्याला वहाणेपुरतंच बोलायला सांगितलं. लोक ही गोष्ट अपेलिसच्या बाजूने सांगतात. मला ती पटत नाही. वहाणेत पाय असतो आणि चांभार रोज पाय बघतो. मावशी दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या चित्रापाशी थांबल्या, तेव्हा मी त्यांना तांब्यापुरतं बोला असं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “साहेब एवढं हसत्यात कवा?” ओठांची टोकं मी खाली घेतली आणि चित्रात पहिल्यांदाच नवरा आला.

उलट मोठ्या खुर्चीतला शेराही कुचकामी असू शकतो. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. त्यांच्या रेखाटनांत लागणारे गुण नाहीत, असं कळवून. कुठल्या रेषेत काय कमी आहे ते त्यात नव्हतं. तो निकाल होता, टीका नव्हती, आणि निकालाने चित्र सुधारत नाही. पुढे काय झालं ते सगळ्या देशाने वर्षानुवर्षं रोज सकाळी पाहिलं.

घरात मावशी नसतील तर आरसा चालतो. चित्र आरशात धरलं की सवयीचा डोळा फसतो आणि वाकडा जबडा ताबडतोब वाकडा दिसतो. चित्र उलटं टांगूनही हेच साधतं. मात्र आमच्याकडे तसं केल्यावर सासूबाईंनी “काय झालं त्याला?” असं घाबरून विचारलं, तेव्हापासून आरसाच.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर चित्र बघितल्याशिवाय सुटका नाही. ‘छान’ म्हणू नका. एक चूक शोधा आणि ती कुठे आहे ते दाखवा, फक्त बोट कागदाला न लावता. चहा सगळ्यांनाच मिळतो. चूक सांगणाऱ्याला सोबत भडंग.