औंढ्यापर्यंत रस्ता एकच

अहो, ऐकलंत का? समोरच्या वहिनी माहेरी निघाल्या होत्या ना परभणीला, त्यांची काय फजिती झाली! मी हसले नाही हं... म्हणजे त्यांच्यासमोर नाही.

सोबत नवरा, म्हणजे आपले भाऊ, आणि घरातल्या आजी; कडेवर तीन वर्षांचं लेकरू, हाताशी सात वर्षांचं, तीन बॅगा, आणि वर हळदीचा भला मोठा डबा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये तो जीआय टॅग मिळाल्यापासून वहिनी डब्याशिवाय कुणाच्या दारात जात नाहीत.

तर काय सांगत होते... हिंगोलीच्या स्टँडवर गाडी लागली, तशी भाऊंनी मोठ्याला उचलून खिडकीतूनच आत सोडलं. पोरगंही तरबेज! एका सीटवर टोपी, एकीवर रुमाल, तिसरीवर स्वतः आडवा. भाऊ म्हणे, "जागा धरायला अक्कल लागते."

कंडक्टर आला. भाऊ ऐटीत, "परभणी द्या."

"दादा, ही वसमत गाडी."

अगं बाई! भाऊंचा चेहरा असा उतरला... वहिनी नुसत्या बघत राहिल्या. नशीब, औंढ्यापर्यंत दोन्हींचा रस्ता एकच. मग औंढ्याची तिकिटं. धाकटं फुकट, मोठ्याचं हाफ, वहिनींचं मार्च २०२३ पासून हाफच, आणि आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना काहीच नाही. फुल एकट्या भाऊंचं! वहिनी म्हणाल्या, "ज्यानं फुल भरलं, त्यानंच गाडी चुकवली."

तेवढ्यात ब्रेक लागला नि डब्याचं झाकण उडालं. कंडक्टरची खाकी पँट गुडघ्यापर्यंत पिवळी! तो बिचारा म्हणतो कसा, "ताई, माझी हळद वीस वर्षांपूर्वीच लागलीय हो." अख्खी गाडी हसली. भाऊ मात्र खिडकीबाहेर बघत होते म्हणे.

हां, आजींचं राहिलंच. औंढ्याला सामान उतरवून बाकीचे घाम पुसतायत, आणि आजी? "नागनाथानंच बोलावलं," म्हणत पदर सावरून निघाल्यासुद्धा दर्शनाला! दीड तास वहिनी बॅगांवर बसून.

आता तुम्हीच सांगा, जाताना वाटेत औंढ्याला उतरू म्हणून आजी आठ दिवस मागं लागल्या होत्या आणि भाऊ नाही म्हणत होते. गाडीत पहिल्या चढल्या त्या आजीच. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर मोतीबिंदू काढून महिना नाही झाला. परवा गच्चीवरून माझ्या वाळवणातले पापड मोजले त्यांनी... गाडीवरची पाटी दिसली नसेल होय?