मूळचे कुठले?

आमच्या क्लबात उशिरा येणाऱ्याला एक डॉलर दंड असतो, आणि जेवताना मोबाइल वाजला तर दोन. नात झाली, नवी गाडी घेतली, तळ्यात मोठा मासा गळाला लागला, की आपण होऊन उभं राहायचं, बातमी सांगायची आणि डब्यात पैसे टाकायचे. त्याला ‘हॅपी डॉलर’ म्हणतात. दर बुधवारी दुपारी बाराला पितळी घंटा वाजते आणि मिनियापोलिसच्या उपनगरातली आम्ही तीस-पस्तीस माणसं कोबीची कोशिंबीर खात समाजसेवेला लागतो. क्लबाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दोष माझा आहे.

शिकागोत १९०५ साली पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं रोटरी काढली, आणि मग जेवण, घंटा आणि दंड यांवर चालणारे क्लब अमेरिकेत गावोगाव उगवले. सेवा सगळ्यांची करायची, पण टेबलाशी कोणाला बसवायचं याबाबत मात्र ही मंडळी चोखंदळ. रोटरी, लायन्स, किवानीस या तिघांनीही बायकांना दार उघडलं ते थेट १९८७ साली. सुप्रीम कोर्टानं रोटरीचा कान धरल्यावर. मी आत शिरलो तो बायकोमुळेच. “अहो, घरात बसून मला सुधारण्यापेक्षा बाहेर जाऊन जग सुधारा,” म्हणाली.

२५ मे २०२० ला आमच्या घरापासून दहा-बारा मैलांवर जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. पोलिसाचा गुडघा त्याच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक होता. शहर पेटलं. आमच्या घराच्या खिडकीतून धूर दिसत नव्हता, पण हेलिकॉप्टरं ऐकू येत होती. पुढच्याच आठवड्यात क्लबाची झूमवर तातडीची सभा झाली आणि ‘वंशन्यायाशी बांधिलकी’ असा ठराव मंजूर झाला. ठराव झाला की समिती आली आणि समिती म्हणजे अध्यक्ष आलाच. पडद्यावरचे सगळे गोरे चौकोन एकदम गप्प झाले. मला वाटलं, आपलं इंटरनेट गेलं. ते माझ्याकडे बघत होते.

“मला यातलं काही कळत नाही,” असं मी स्पष्ट सांगितलं. फक्त मी म्यूटवर होतो. ओठ हललेले सगळ्यांनी पाहिले, टाळ्या वाजल्या आणि मी अध्यक्ष झालो. त्याच झटक्यात ‘समाजवार्ता’ या मासिक पत्रकाचं संपादनही माझ्या गळ्यात पडलं, कारण मी सॉफ्टवेअरवाला आणि पानं कॉम्प्युटरवर लागतात.

माझ्या संपादकीय कारकिर्दीतला पहिलाच अंक अजून लोक काढून दाखवतात. पानाच्या डाव्या बाजूला आमचं बांधिलकीचं निवेदन होतं आणि उजवीकडे पॅनकेक न्याहारीच्या स्वयंसेवकांना सूचना. मथळे उलटे लागले. ‘मिश्रणात गुठळ्या राहू देऊ नका’ या मथळ्याखाली वंशन्यायाचे सात परिच्छेद, आणि ‘आता गप्प बसणं परवडणार नाही’च्या खाली मैदा, अंडी, ताक. मी दुरुस्ती छापणार इतक्यात एका ज्येष्ठ सदस्याचं पत्र आलं, की इतकं खोल रूपक त्यांनी वर्षानुवर्षांत वाचलं नव्हतं. मी दुरुस्ती छापली नाही.

इथून माझं डोकं फिरायला लागलं. आपण या विषयातले जाणकार आहोत, असं मला हळूहळू पटू लागलं. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ प्रकल्पानं जुन्या खरेदीखतांतली वंशबंदीची कलमं नकाशावर मांडली आहेत. मिनियापोलिसात असं पहिलं खत १९१० चं, आणि मग अशी हजारो. १९४८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की ही कलमं कोणतंही कोर्ट अमलात आणणार नाही. तरी कागदावर ती आजही आहेत. मी माझ्या घराचं खत शोधलं. आणि त्यात असं कलम सापडलं! दुसऱ्या कोणाला घराच्या कागदात खोट सापडली तर तो कपाळाला हात लावेल. मी बायकोला आनंदानं हाक मारली. घर चिनी, जपानी, मूर, तुर्की, निग्रो, मंगोल वा आफ्रिकी रक्ताच्या माणसाला विकू नये, भाड्यानं देऊ नये. यादी दोनदा वाचली. त्यात आपण नव्हतो.

खरं सांगतो, थोडा अपमानच वाटला.

क्लबातल्या निवृत्त वकीलसाहेबांनी माझं सांत्वन केलं. म्हणाले, तुमच्यासाठी अख्खा निकाल आहे, १९२३ चा, भगतसिंग थिंडचा. पंजाबातून आलेल्या, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश घातलेल्या या शीख गृहस्थाच्या नागरिकत्वाचा खटला सुप्रीम कोर्टात पोचला. बाहेरून आलेल्याला नागरिक व्हायला तेव्हा ‘गोरा’ किंवा आफ्रिकी वंशाचा असावं लागे. त्याच्या बाजूनं युक्तिवाद काय झाला, तर आम्ही उच्चवर्णीय, आम्ही आर्य, सबब आम्ही गोरे. एवढंच नाही, लग्नसंबंधाच्या बाबतीत गोरा अमेरिकन निग्रोकडे ज्या नजरेनं पाहतो, त्याच नजरेनं आम्ही आमच्या मूळ रहिवाशांकडे पाहतो, असंही त्यात होतं. कोर्टानं एकमतानं सांगितलं, की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. अशी ऐट मिरवायला गेलेला माणूस दारातच आपटला, हे वाचून मी खूप हसलो. थिंडच्या एका वकिलाचं नाव होतं सखाराम गणेश पंडित. आपल्यातलं नाव! माझी छाती फुगली, आणि त्याच श्वासात मनात आलं, कुठले पंडित हे? पण तो विचार मी तेव्हा तपासून पाहिला नाही. अध्यक्षाला वेळ कुठे असतो?

मग समितीत ग्रंथपालबाई आल्या. कृष्णवर्णीय, सत्तरीच्या, जिल्हा वाचनालयातून निवृत्त, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत साक्षात यम. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, “तुमची भाषा मराठी ना? मग फुल्यांचं ‘गुलामगिरी’ तुम्ही मुळातून वाचलं असेल. १८७३ चं. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलंय त्यांनी.” मी ते पुस्तक फक्त पुतळ्याखालच्या पाटीवर वाचलं होतं. पण अध्यक्षपदाची शान होती. मी म्हणालो, “हो, वाचलंय तर. संवाद फार सुंदर आहेत त्यातले.”

“पूर्ण पुस्तकच संवाद आहे,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली, जणू मला तेच म्हणायचं होतं. त्यांनी मग आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉयस यांना लिहिलेल्या पत्राचं विचारलं. मी घाईघाईनं पॅनकेकचा विषय काढला.

तरी लेखणी थांबली नाही. पुढच्या अंकासाठी मी घणाघाती लेख लिहिला. बावीस वर्षं या देशात राहून, कर भरून, फावड्यानं बर्फ उपसून, वाण्याच्या रांगेत अजून कोणीतरी विचारतंच, “पण तुम्ही मूळचे कुठले?” प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तुम्हाला एका खणात ठेवून वर चिठ्ठी डकवायची असते, वगैरे. लेखाला अस्सल चव यावी म्हणून मथळा मराठीतच ठेवला, ‘मूळचे कुठले?’, इंग्रजी लिपीत, आणि खाली अर्थ दिला.

ग्रंथपालबाई शनिवारी मुद्रितं तपासायला घरी आल्या. मी न्याहारीच्या तालमीसाठी पॅनकेकचं मिश्रण घोटत होतो, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. तळघरातली खोली भाड्यानं द्यायची म्हणून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं, त्याचा फोन आला. बायकोनं स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला आणि ती धुणं वाळवायला गेली. महाराष्ट्रातून नुकताच आलेला मुलगा होता, नवी नोकरी, गोड आवाज.

“आडनाव काय म्हणालात?”

त्यानं सांगितलं. आडनाव असं, की त्यावरून काही कळेना.

“अच्छा अच्छा. म्हणजे मूळचे कुठले?”

“लातूरचे, काका.”

“लातुरात कुठे?... नाही, गाव कुठलं?... आणि आईकडचे?... बरं. खाण्यापिण्याचं कसं? म्हणजे घरात देव आहेत, म्हणून आपलं विचारतो.” फ्रीजमध्ये त्या वेळी दोन किलो कोंबडी मुरत होती. “आणि मूळचे तुम्ही लातूरचेच, की तिथे नंतर...?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो अतिशय अदबीनं म्हणाला, “काका, कागदपत्रं कुठली पाठवू? व्हिसाची, की जातीचा दाखला?”

फोन बंद झाला. मला पिठाचे हात कुठे ठेवावेत कळेना. ग्रंथपालबाईंनी मुद्रितावरून चष्मा वर केला. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. पण समोरच्या कागदावर ठळक टाइपात एक वाक्य होतं, आणि ते त्यांनी एवढ्यातच ऐकलं होतं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, “उच्चार कळला.”

आणि लाल पेननं मथळ्यातलं एक अक्षर दुरुस्त करून त्यांनी पान उलटलं.

मुलानं दुसरीकडे खोली घेतली. लेख मी मागे घेतला आणि त्या जागी हरवलेल्या मांजराची जाहिरात टाकली. घराच्या खताचं मात्र काम झालं. मिनेसोटात २०१९ पासून घरमालकाला ते कलम अधिकृतपणे नाकारल्याचा कागद नोंदवता येतो, तो वकीलसाहेबांनी भरून दिला. सही करताना माझा हात विनाकारण अडखळला.

पुढच्या बुधवारी दंड गोळा करणारे गृहस्थ डबा खुळखुळवत टेबलाशी आले. कोणाला काही सांगायचंय का? मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि पाच डॉलरची नोट टाकली. “एका फोनबद्दल,” एवढंच म्हणालो. लोकांनी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आनंदाची बातमी आहे.

शेजारून ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, “एकाच फोनचे का?”

मी पुन्हा पाकीट काढलं. आत फक्त वीसची नोट होती, आणि डब्यातून सुटे परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.