तेवीस किलोचे अण्णा

आमच्या डोंबिवलीच्या टिळकनगरातलं कुणाचंही पोर परदेशी निघालं की अण्णा स्प्रिंगचा काटा घेऊन दारात हजर. चहा नंतर, आधी बॅग हुकाला लटकवायची. "पंचवीस भरतेय. तेवीसच्या वर विमानवाले ऐकत नाहीत. काय काढतोस, मेतकूट की पुस्तकं?" उत्तराची वाट न बघता पुस्तकं बाहेर.

कुकरच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. "अ‍ॅल्युमिनियमचा? तिथे इंडक्शनवर काय शोभेला ठेवणार आहेस? स्टीलचा घे, चपट्या बुडाचा." मग त्या कुकरात भाजणी, भाजणीच्या उरावर गोडा मसाला, फटीत जिऱ्याची पुडी. शिट्टी मोज्यात, जादा रबरी रिंगा दोन. रिकामा कुकर आणि सकाळची रिकामी लोकल, दोन्ही अण्णांना नामंजूर. मिक्सर जर्मनीला चालेल, अमेरिकेला नाही. तिथे वीज 120 व्होल्टची, आपलं यंत्र 230 चं. "चटणी वाटून होईपर्यंत तुला ग्रीन कार्ड मिळेल!"

हे सगळं त्यांच्या वहीत आहे. पुतण्या म्युनिकला, भाची न्यू जर्सीला. दोघांना विचारून विचारून भरलेली दोनशेपानी वही. "जर्मनीत घर मिळालं की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग. म्हणजे पत्त्याची नोंद रे. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, नाहीतर तुला दारातून परत पाठवतील. रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारीच आणायचं. पाण्याची रिकामी बाटली टाकायची नाही, दुकानात परत दिली की 25 सेंट हातात. आणि इथलं बचत खातं आठवणीनं एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करून टाक." बाटलीच्या ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारलीय. असा देश अण्णांना फार आवडतो.

खुद्द अण्णांचा पासपोर्ट कोरा. नोकरीभर डोंबिवली ते व्हीटी, एवढाच त्यांचा परदेश.

गेल्या वर्षी मुलानं ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला आणि अण्णांना तिकडे नेलं. मधे कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, इतकीच स्टेशनं. काटा आणि वही त्यांनी पिशवीत घालून मांडीवर नेली.

नवव्या दिवशी आमच्या फडके रोडवर दिसले. हातात कोथिंबीर.

"अण्णा, इकडे कुठे?"

"तिकडच्या जुडीला वासच नाही रे." मग आवाज खाली आणून, "बाविसावा मजला. खाली गेटवर पोऱ्या विचारतो, कुणाकडे जायचंय? म्हटलं, माझ्याकडे. तर म्हणतो, थांबा. वर सुनेला फोन लावला, तिनं हो म्हटल्यावर सोडलं. इमिग्रेशन आहे, इमिग्रेशन!"

"वहीत लिहिलंत?"

"पहिल्याच पानावर. आधारकार्ड खिशात ठेवणे." जुडी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत नीट उभी केली. "रविवारी येशील का घरी? येताना इथलं थोडं आलं आण, आणि अळूची पानं. काळ्या देठाची हं."

"किती किलोपर्यंत चालतं ठाण्याला?"

अण्णांनी खरंच विचार केला.

"हातातल्या पिशवीत आण," म्हणाले, "हातातलं कुणी मोजत नाही."