फलाट क्रमांक तीन

आप्पांचा आवाज आधी येतो, आप्पा मागाहून. मधल्या वेळात माणसाचा एक कप चहा पिऊन होतो.

एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत, माइकसमोर त्यांची एकतीस वर्षं गेली. निवृत्तीच्या दिवशी माइक खात्यात जमा केला. आवाज तेवढा घरी घेऊन आले. "अगं, वांगं करपतंय" असं ते स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, की आमच्या गल्लीतल्या चार बायका आपापला गॅस बारीक करतात.

अशा माणसानं उतारवयात विकायला काय काढावं? शांतता. मुलं पुण्याला गेली, माडीवरच्या तीन खोल्या रिकाम्या पडल्या, तेव्हा आप्पांनी दारावर पाटी लावली : 'पाहुण्यांची राहण्याची सोय. घरगुती. शांत.' कोल्हापूरच्या राजारामपुरीत शांत! जिथं गल्ल्यांना नुसते आकडे आहेत, कारण नावं ठेवायला माणसं पुरतात. जिथं गणेश चतुर्थीला मंडळांचे गणपती निघाले की मांडणीतल्या वाट्यासुद्धा ठेका धरतात. पण आप्पांना हे सांगायचं कुणी? सांगणाऱ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.

खोल्यांना ते खोल्या म्हणत नाहीत, फलाट म्हणतात. पाहुणा आला की "फलाट दोनवर सांगलीची पार्टी लागली." गेला की "फलाट दोन मोकळा." जिन्यात नियमांचा तक्ता आहे : दार आपटू नये. रात्री दहानंतर बादली ओढू नये. घोरणाऱ्यांनी आगाऊ कळवावे. खाली लफ्फेदार सही, आणि सहीखाली 'हुकमावरून'. हुकूम कुणाचा, हे विचारण्याची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

तर झालं असं. कॉलेजातला माझा एक मित्र पुण्यात असतो, त्याच्या जोडीदारासोबत. दहा वर्षं होतील दोघांच्या संसाराला. त्याचा फोन आला.

"नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला येतोय आम्ही. शांत जागा बघ रे."

"रंकाळ्याच्या बाजूला बघू का? निवांत असतं."

"तसलं शांत नव्हे. बिनप्रश्नांचं शांत."

मग त्यानं सगळी कथा ऐकवली. दोन पुरुषांना आपल्याकडं खोली झटक्यात मिळते. मुलगा-मुलगी गेली तर काउंटरवरचा माणूस गळ्यातलं मंगळसूत्र शोधतो. दोन बाप्यांकडं कोण बघतो? ऑडिटला आले असतील. गाडी अडते ती पलंगापाशी. डबल बेड म्हटलं की मॅनेजर एकदम उदार होतो, "साहेब, त्याच भाड्यात दोन सेपरेट देतो की!" नको म्हटलं की तो रजिस्टर पुढं सरकवतो आणि 'नाते' या रकान्यावर बोट ठेवतो.

"मावसभाऊ झालो, आतेभाऊ झालो, मामेभाऊ झालो," मित्र म्हणाला. "एका ठिकाणी मॅनेजर नेमका माझ्या आजोळचा निघाला. माझ्या तिन्ही मावश्यांना ओळखत होता. पहाटेच्या गाडीनं निघालो. आता नाती संपली रे."

खरं सांगतो, आप्पांकडं मी शेवटचा गेलो. पण ओळखीतली सगळी ठिकाणं भरली होती. आप्पांचेही दोन फलाट वकिलांनी धरलेले. १८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून आप्पांच्या जिन्यात काळे कोट वाळत असतात. मोकळा होता तो फलाट तीन.

"आप्पा, जरा खासगी बोलायचं होतं."

"खासगी?" आप्पा म्हणाले, आणि समोरच्या टेलरनं मशीन थांबवलं.

मी त्यांना परसात नेलं. शक्य तितक्या हळू सांगितलं. दोघं पुरुष आहेत. जोडपं आहे. नवरा-बायको राहतात तसे राहतात. आप्पा गप्प झाले. आत भांड्यांचा आवाज थांबला आणि काकू घाईनं बाहेर येऊन बघून गेल्या. आप्पा गप्प म्हणजे दुखणं, एवढंच त्यांना ठाऊक.

मग आप्पा कुजबुजले. त्यांची कुजबुज म्हणजे एसटीचा हॉर्न रुमालात गुंडाळावा तशी. "सर, मला काय येडा समजलासा? वरचे वकील रोज नाश्त्याला हेच बोलत्यात. कलम तीनशे सत्त्याहत्तर. २ जुलै २००९, दिल्ली हायकोर्टानं गाडी सोडली. ११ डिसेंबर २०१३, सुप्रीम कोर्टानं डेपोत परत बोलावली. ६ सप्टेंबर २०१८, सुप्रीम कोर्टानंच पुन्यांदा सुरू केली, ती आजपातूर रनिंगला हाय. लग्नाच्या गाडीचं म्हणाल तर १७ ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं, ह्यो रूट आमच्याकडं न्हाई, संसदेकडं इचारा." दम घेतला. "आन् खोली द्यायला कायदा वळखपत्र मागतोय. वरातीचा फोटो मागत न्हाई."

मला भरून आलं. तेवढ्यात आप्पांच्या कपाळावर आठी पडली.

"पर एक अडचण हाय. डबल बेड न्हाई माज्याकडं. दोन खाटा हायत. जोडल्या तर मधी फट पडतीया. मान्सं दहा वर्सं संगट ऱ्हायलेली, आन् आमच्यात येऊन फटीत पडायची?"

त्या फटीनं आप्पांची आठवडाभराची झोप गेली. सुताराला बोलावलं. सुतारानं पट्टी मारून दिली तरी बोटभर फट उरलीच. मग ठरलं, वरून मोठी वाकळ अंथरायची. तेवढी मोठी वाकळ घरात नव्हती. "आप्पा, गल्लीत कुठं बोलू नका," मी बजावलं. आप्पांनी छातीवर हात ठेवला. "सर, ह्या तोंडातनं एक शब्द भाईर पडणार न्हाई." समोरून टेलरनं विचारलं, "कुठला शब्द, आप्पा?"

पुढच्या चार दिवसांत आप्पा घरोघर फिरले. "मोठी वाकळ हाय का? जोडपं येणार हाय. तसलं न्हवं, दोन बाप्यांचं." कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं केलं, कुणी दोनदा विचारून खात्री करून घेतली. शेवटी कोपऱ्यावरच्या मावशींनी ट्रंकेतून वाकळ काढून दिली. "आमच्या दोन जावांनी मिळून शिवलीया," म्हणाल्या. "धुऊन द्या म्हंजे झालं."

एका शेजाऱ्याला मात्र राहवलं नाही. सकाळी फाटकाशी येऊन म्हणाला, "आप्पा, चांगल्या वस्तीत असली माणसं कशाला?"

आप्पांनी पेपर खाली ठेवला. "बोर्डिंगांचं गाव हाय ह्ये. १९०१ साली शाहू म्हाराजांनी मराठ्यांच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं. १९०८ साली अस्पृश्यांच्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ज्याला कुठं जागा मिळंना, त्याची सोय म्हाराज करायचे. अस्पृश्याचं म्हणून गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात कुणी च्या पीना, तर म्हाराज सवता गाडी थांबवून तितं च्या प्यायचे. मी काय केलंय? माडीवरची खोली दिलीया. त्ये बी भाडं घिऊन!"

"हळू बोला की," शेजारी इकडंतिकडं बघत म्हणाला.

"ह्ये हळूच हाय."

शेवटी तो दिवस उजाडला. संध्याकाळी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली. मी धावलो. मित्र उतरला, त्याचा जोडीदार उतरला, दोघं नेहमीच्या सवयीनं एकमेकांपासून हातभर लांब उभे राहिले. आणि वर गॅलरीत आप्पा दिसले. एकतीस वर्षांची सवय उसळून आली होती. अशा वेळी त्यांची भाषासुद्धा बदलते.

"पुण्याहून येणारं जोडपं फलाट क्रमांक तीनवर येत आहे. संबंधितांनी वाटेतल्या मोटारसायकली तात्काळ काढून घ्याव्यात. पुण्याहून येणारं जोडपं..."

मी डोळे मिटले. मित्राचा चेहरा पांढरा पडला. जोडीदार बॅगेची चेन उगाच उघडू-मिटू लागला.

डोळे उघडले तेव्हा एक पोरगा पुटपुटत आपली मोटारसायकल बाजूला घेत होता. टेलरचं मशीन चालूच होतं. मावशी लसूण सोलत होत्या. वर फक्त एका खिडकीचा पडदा हलला, आणि तो कुणाचा हे मला माहीत होतं. स्टँडवर घोषणा झाली की माणूस आपली गाडी आहे का तेवढं ऐकतो आणि पुन्हा शेंगदाणे खाऊ लागतो. आमची गल्ली तसंच करत होती.

आत गेल्यावर मित्रानं रजिस्टर उघडलं. नाव, गाव, आगमन, निर्गमन. त्याचं बोट सवयीनं पुढचा रकाना शोधत राहिलं.

"नातं कुठं लिहायचं?"

"नातं?" आप्पांना प्रश्नच कळला नाही. "एसटीत बसताना कोण इचारतो व्हय? माणसं दोन, तिकिटं दोन. खलास."

तीन दिवस आप्पांनी त्यांचं वेळापत्रक चालवलं. दुपारनंतर अंबाबाई, "किरणं पायावर आधी येत्यात, मग वर चढत्यात, ढग आलं तर सूर्य लेट, आमचा इलाज न्हाई." रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध. दुसऱ्या दिवशी पन्हाळा, एसटीनंच. पहाटे साडेपाचला त्यांनी दोघांना जिन्यातून हाक मारून उठवलं. दोन्ही वकीलही उठले, आणि एकाला त्या दिवशी तारीखच नव्हती.

आठवड्यानं मित्राचा फोन आला.

"शांत होतं का रे?" मी विचारलं.

"कसलं शांत! कानांत अजून पन्हाळ्याची गाडी लागतेय." तो हसत होता. "पुढच्या नोव्हेंबरात तीच खोली ठेवायला सांग."

मी खिडकीतून आप्पांना खूण केली. खुणेचं उत्तर खुणेनं द्यावं, हे त्यांच्या सेवानियमांत नव्हतं.

"पुढील वर्षी नोव्हेंबर महिन्यात फलाट क्रमांक तीन पुण्याच्या जोडप्यासाठी आरक्षित आहे!"

गल्लीच्या टोकाकडून मावशींचा आवाज आला, आप्पांच्या तोडीस तोड.

"आधी मागली वाकळ परत करा!"