लॉस एंजेलिस, मुक्काम पोस्ट नोएडा

हॅरिसन फोर्डवर १९८२ साली अन्याय झाला. तो दूर व्हायला ३७ वर्षं आणि दिल्लीची हवा लागली.

रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’मध्ये फोर्ड हा रिक डेकार्ड नावाचा नोकरी सोडलेला पोलीस आहे. कारखान्यात तयार झालेली, दिसायला थेट माणसासारखी आणि जेमतेम चार वर्षांचं आयुष्य घेऊन आलेली ‘रेप्लिकंट’ मंडळी हुडकायची आणि संपवायची, हे त्याचं काम. सिनेमा आला त्याच उन्हाळ्यात ‘ई.टी.’ही आला होता. लोक रडायला तिकडे गेले आणि इकडे खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जे आले त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार अशी, की जग बुडायला आलंय आणि या हिरोच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. कंटाळल्यासारखा वावरतो. ही काय अ‍ॅक्टिंग झाली?

आता या सिनेमाची सुरुवातीची पाटी बघा. ‘लॉस एंजेलिस, नोव्हेंबर २०१९’. त्या नोव्हेंबरात आम्ही दिल्लीशेजारी, नोएडात होतो. फोर्डच्या बाजूने साक्ष द्यायला आमच्याइतका लायक माणूस मिळणार नाही.

पटकथाकाराला सुचलं नसतं ते त्या महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत घडलं. १ तारखेला प्रदूषण प्राधिकरणाने सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि शाळा बंद झाल्या. ३ तारखेला, रविवारी, दिल्लीचा हवा निर्देशांक ४९४ वर गेला. सरकारी मोजपट्टी ५०० ला संपते. मराठी मध्यमवर्गीय मनाला ४९४ म्हटल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच, की सहा मार्क कुठे गेले? त्या दिवशी विमानतळावर उतरू पाहणारी ३७ विमानं धावपट्टी दिसेना म्हणून दुसरीकडे धाडली. आणि त्याच संध्याकाळी अरुण जेटली स्टेडियमवर भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी सामना ठरल्याप्रमाणे, वेळेवर, खचाखच गर्दीत झाला. विमानाला न दिसलेली जमीन मुशफिकुर रहीमला व्यवस्थित दिसली. त्याने नाबाद ६० केल्या आणि आपण सात विकेट्सनी हरलो. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये भेटलेल्या प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली ती खलील अहमदच्या एकोणिसाव्या षटकाबद्दल. हवेचं नाव कोणी काढलं नाही.

४ तारखेपासून गाड्यांच्या नंबरांचं सम-विषम सुरू झालं. नियम दिल्लीचा, नोएडा उत्तर प्रदेशात. सम तारखेला आमची विषम नंबरची गाडी डीएनडी पुलाच्या अलीकडे सज्जन आणि पलीकडे चार हजारांच्या दंडाची गुन्हेगार. धुराला मात्र यमुना ओलांडायला कोणतीही तारीख चालते.

आमच्या सासूबाई सांगलीला असतात. गॅलरीतून काढलेला फोटो बघून त्यांनी फोन केला, “जावईबापू, महाबळेश्वरला आलात आणि कळवलं नाहीत?”

हे सगळं चाललेलं असताना फोर्डचा पहिला प्रवेश पुन्हा पाहिला. रस्त्यावरच्या टपरीत जागा मिळायची वाट बघत डेकार्ड पेपर वाचतोय. वर काळं आकाश, दूरवर धुराड्यांतून आगीचे लोळ. मग जागा मिळते. तो म्हणतो, चार द्या. टपरीवाला म्हणतो, दोन पुरे. डेकार्ड म्हणतो, चार. तेवढ्यात पोलीस येऊन खांद्यावर हात ठेवतात, तर हा सांगतो की मी जेवतोय. शेवटी त्याला उडत्या गाडीत घालून नेतात, तिथेही नूडल्सचा वाडगा याच्या हातात आहेच आणि खाणं चालूच आहे. लक्ष्मीनगरच्या कोपऱ्यावर ४९४ मध्ये छोले-भटुरे खाणारा माणूस मी रोज बघत होतो. हुबेहूब तोच चेहरा. तोच “एक और देना भैया”. लोकांना वाटलं फोर्ड अभिनय करत नाहीये. अहो, तो काळाच्या ३७ वर्षं पुढचा वास्तववादी अभिनय होता! दिल्लीकर बघितल्याशिवाय त्याची किंमत कळणार कशी?

उलट चार्ल्टन हेस्टनचं बघा. १९७३ च्या ‘सॉयलेंट ग्रीन’मध्ये २०२२ सालचं न्यूयॉर्क आहे. गर्दी, उकाडा, खायला अन्न नाही. हेस्टन शेवटी स्ट्रेचरवर आडवा पडून जिवाच्या आकांताने सत्य ओरडून सांगतो. आमच्या मजल्यावरचे पंजाबी अंकल हा शेवट बघून म्हणाले, “ओव्हरअ‍ॅक्टिंग.” आणि त्यांचं बरोबर होतं. २०२२ आमच्याकडेही येऊन गेलं. सोसायटीत कोणी ओरडल्याचं आठवत नाही. लिफ्ट बंद पडली तेव्हा सोडून.

आपल्याकडेही या जातीचा प्रयत्न झालाय. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ‘कार्बन’ नावाची हिंदी शॉर्ट फिल्म आली. साल २०६७, पृथ्वीवरचा ऑक्सिजन संपलेला आणि जॅकी भगनानी तो विकतोय. नवाजुद्दीन सिद्दीकी त्यात मंगळावरचा माणूस आहे. नवाज शिकला इथेच, मंडी हाउसजवळच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात. दिल्लीचे हिवाळे काढलेल्याला परग्रहावरच्या हवेची वेगळी तालीम नको. लेखकांनी ऑक्सिजनच्या दुकानासाठी ५० वर्षांची मुदत ठेवली होती. दिल्लीने ती दोन वर्षांत उरकली. २०१९ मध्येच साकेतच्या मॉलमध्ये ऑक्सिजन बार उघडला. पंधरा मिनिटं श्वास घ्यायचे २९९ रुपये, आणि वर सात सुगंध: गवती चहा, संत्रं, दालचिनी, निलगिरी वगैरे. मी वासांची यादी वाचत होतो, तर सौ. म्हणाली, “गवती चहा आपल्या कुंडीत आहे.” विषय मिटला.

‘ब्लेड रनर’मध्ये एकच गोष्ट मात्र खटकते. पाऊस. सिनेमाभर नुसता पाऊस. स्कॉटसाहेबांनी नरक दाखवायचा म्हणून तो पाडला असणार, पण आमच्याकडे त्या दृश्यांना लोक हळहळतात. नोव्हेंबरात एक सर आली तर हवा धुऊन निघेल! २८ ऑक्टोबर २०२५ ला दिल्ली सरकारने आयआयटी कानपूरच्या विमानातून बुराडी, करोलबाग, मयूर विहारवरच्या ढगांत रसायनं फवारून पाहिली. ढगांत मुळात ओलावाच फार कमी होता. सरकारी अहवालात जो पाऊस नोंदला गेला तो नोएडात ०.१ मिलिमीटर आणि ग्रेटर नोएडात ०.२. पैसे दिल्लीचे, थेंब आमचे. सम-विषमचा हिशेब असा फिटला म्हणायचा.

राहता राहिली ती परीक्षा. समोरचा माणूस आहे की रेप्लिकंट, हे ओळखायला सिनेमात एक यंत्र आहे. वाळवंटात कासव उलटं पडलंय, तू त्याला सरळ करत नाहीस, का? असले प्रश्न विचारायचे आणि डोळ्याची बाहुली कशी हलते ते बघायचं. कळवळला तर माणूस. हे यंत्र नोएडात आणलं तर पहिली अडचण अशी, की डोळे सगळ्यांचेच चोळून लाल आणि पाण्याने भरलेले. बाहुली दिसणार कुठे? दुसरी अडचण उत्तरांची. मी स्वतः प्रयोग केला. सकाळी सहाला, मास्क हनुवटीखाली लावून बागेत तरातरा चालणाऱ्या आमच्या अंकलना विचारलं, “अंकलजी, आज ४६०. डर नहीं लगता?”

“कल से तो कम है जी,” असं म्हणून ते कपालभातीला बसले.

यंत्राने त्यांना तिथल्या तिथे रेप्लिकंट ठरवलं असतं. वास्तविक तपासायला हवं होतं मला, कारण मी घाबरलो होतो. एनसीआरमध्ये घाबरणारा माणूस म्हणजे हमखास बाहेरून आणून बसवलेला माल.

मग एका रविवारी मी अंकलना घरी बोलावून अख्खा ‘ब्लेड रनर’ दाखवला. तोही २००७ चा ‘फायनल कट’, ज्यात मूळ सिनेमातलं फोर्डचं रडतखडत रेकॉर्ड केलेलं निवेदन काढून टाकलंय. आकाशातून जाहिरातीचं विमान फिरतं आणि परग्रहावर नवं आयुष्य सुरू करा म्हणून सांगतं, तिथे ते खूश झाले. “बिल्डर है,” म्हणाले. “पजेशन नहीं देगा.” रेप्लिकंट झालेला रुटगर हाउअर पावसात भिजत शेवटचं बोलतो, तिथे माझा घसा दाटला, अंकल म्हणाले, “बेचारे को ठंड लग जाएगी.” आणि फोर्डबद्दल? फोर्ड त्यांना एकदम पसंत. “शरीफ आदमी है. अपना काम करता है, खाना खाता है, शोर नहीं मचाता.” चाळीस वर्षांत फोर्डच्या डेकार्डचं इतकं नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

जाताना मात्र दारात थबकले. चेहऱ्यावर, त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच पाहिली अशी, खरीखुरी काळजी.

“गाड़ियाँ उड़ती हैं, वो तो ठीक है,” म्हणाले. “पर छत पे पार्किंग किसकी? टॉप फ्लोरवाले की, या सोसायटी की?”